पोथीत नसलेली कुंभारीण

वहिनी, तुमच्या घरात कुंभारीण आली आहे. बाई नव्हे, माशी. तुमची खाट होती त्या भिंतीवर, देवाच्या फोटोच्या चौकटीखाली, तिनं मातीचं एक इवलंसं मडकं बांधून काढलं आहे आणि दुसऱ्याला लागली आहे.

काल तुमची तेरवी झाली. घर बायकांनी भरलं होतं. पंगती उठल्यावर झाडलोट करताना शेजारच्या एका सुनेला ते घरटं दिसलं आणि तिनं झाडूचा दांडा उचलला. तशी तुमची लेक मंगल पुढं झाली.

"राहू द्या वं. पाडू नका. शापाची बाई हाय ते."

"कोन्ता शाप वं?"

मग मंगलनं सगळ्यांना सांगितलं. एक कुंभार होता. तो बाजाराला गेला असताना त्याच्या बायकोनं चाकाला हात लावला. कुंभाराच्या बाईनं माती तुडवावी, मडकं थापटावं, रंगवावं. चाकावर बसू नये. ती बसली. चाक दुभंगलं, नवऱ्याचा हात कायमचा गेला, आणि तिची माशी झाली. तेव्हापासून ती भिंतीभिंतीवर मडकी करत फिरते. चाक नाही, मडकी भाजायला आवा नाही, नवरा नाही. म्हणून तिचं नाव कुंभारीण.

"जुन्या पोथीत लिहेल हाय," मंगल म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "काकानं सोता वाचली ते पोथी. हाव ना काका?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी मान हलवली, वहिनी. तुमच्या तेरवीला, तुमची खाट होती त्याच जागेवर बसून, मी पुन्हा एकदा हो म्हटलं.

अशी कुठलीही पोथी नाही. ती गोष्ट मी रचली.

हे तुमच्यासमोर बसून, तुमच्या हातचा चहा पिताना सांगायचं होतं. तुम्ही जेवढ्या वेळा चहा दिलात, तेवढ्या वेळा मी कप खाली ठेवून बुलढाण्याची गाडी पकडली. आता हे लिहितोय ते तुमच्यासाठी की माझ्या जिवासाठी, तेही नीट सांगता येत नाही. पण सांगतो.

तुम्ही वडनेर भोलजीहून लग्न होऊन अमडापूरला आलात तेव्हा मी चिखलीच्या कॉलेजात जात होतो. एका उन्हाळी दुपारी तुम्ही अंगणात मडकं थापटत बसला होता. आत दगडी गोटा, बाहेरून थापी, असा एकसुरी आवाज चालला होता. वर आढ्याला एक कुंभारीण घर करत होती. तुम्ही तिच्याकडं बघून मला विचारलंत.

"भाऊजी, तुमी एवढं शिकून राह्यले, मले एक सांगा. हिले कुंभारीण नाव कोणं ठेवलं असन?"

मी ऐटीत सांगितलं. कुंभ म्हणजे घडा. घडा करणारा तो कुंभकार, त्याचा झाला कुंभार, आणि कुंभाराची बायको ती कुंभारीण.

"बायको? मंग हिचा नवरा कुठी हाय?"

"असेल कुठंतरी."

"म्या तं कंदी नाही पाह्यला बाप्पा. माती हेच आनते, पानी हेच आनते, मडकं हेच करते, अन् नाव नवऱ्याचं?" तुम्ही थापी थांबवून हसलात. "आपल्यासारखंच झालं म्हना. पन एक हाय. हिले कोनी 'ऊठ तथून' म्हनत नाही."

माझी व्युत्पत्ती तिथंच संपली. मी चिडलो होतो, पण हसण्यावारी नेलं. तुम्ही मात्र तो प्रश्न सोडला नाही. नंतरही मधूनच म्हणायचात, "नाव ठेवनारी बाईच असन पाहा. मानसाले काय पडली माशीची." बाबा म्हणायचे, "गप वं अंजना, तोंड चालते तेवढा हात चालव." हात चालतच असायचा तुमचा. तोच तर माझा खरा त्रास होता.

त्या दिवशी शुक्रवार होता की काय, सगळे बाजाराला गेले होते. मी चिखलीहून लवकर परतलो. अंगणाच्या दाराशी पोचलो तर आतून चाकाची घरघर ऐकू आली. मला वाटलं बाबा गेले नसतील. दाराच्या फटीतून पाहिलं. चाकावर तुम्ही होता.

काठीनं चाकाला वेग देऊन तुम्ही काठी बाजूला टाकलीत. पदर कमरेला खोचलेला. दोन्ही हात मातीवर गेले आणि माती थरथरायची थांबली. मला एवढंच आठवतं, की माती एकदम शांत झाली. मग ती वर यायला लागली, आपणहून यावी तशी. मी कुंभाराच्या घरात जन्मलो, वहिनी. माझ्या हाताखाली माती एकदाही मधोमध बसली नाही. ती डगमगायची, फेकली जायची, बाबांच्या तोंडावर उडायची. शेवटी बाबा म्हणाले, "याचा हात पुस्तकाचा हाय," आणि सगळ्यांनी ते मान्य केलं, कारण त्यात माझी अब्रू राहत होती. दादाला यायचं, पण त्याची मडकी जड, बुडाशी जाड. तुमचं ते वीतभर मडकं बघता बघता उभं राहिलं. दोऱ्यानं कापून तुम्ही ते उचललंत, तेव्हा तोंड जरासं डावीकडं कललं. तेवढीच एक खोट.

तुम्ही वळलात आणि मी दिसलो.

"भाऊजी." तुमचा आवाज एवढासा झाला होता. "माहेरी बाबानं शिकवलं होतं मले, लहानपनी. त्याईले पोरगा नव्हता. सांगसान नाही ना कोनाले?"

"नाही सांगणार."

तो शब्द मी पाळला. पण पाळला म्हणून त्यात माझा काही मोठेपणा नाही. सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मडकं कसं झालं? आणि मला खरं सांगावं लागलं असतं.

ते मडकं तुम्ही पुढच्या आव्यात, मोठ्या माठांच्या आड लपवून भाजून घेतलंत. मग त्यात जवस भरून ठेवू लागलात, चुलीमागच्या कोनाड्यात, पोत्याच्या तुकड्याखाली. घरात कुणी विचारलं नाही. कुंभाराच्या घरी कोण मडकी मोजतं?

त्यानंतरच्या चैत्रात दादा पडला. आमचा माल बाजाराला नेणाऱ्या बशीरभाईच्या गाडीवर माठ चढवताना पाय घसरला आणि कोपर दगडावर आदळलं. अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आलेली. पितरांसाठी घरोघर नवी घागर लागते, सगळ्या गावाची आणि आजूबाजूच्या खेड्यांची मागणी आमच्याकडं. बाबांच्या कमरेत चाक ढकलायची ताकद उरली नव्हती. संध्याकाळी अंगणात सगळे बसले होते. दादा खाटेवर, हात झोळीत. तुम्ही पाणी घेऊन आलात आणि तांब्या ठेवता ठेवता म्हणालात,

"मामाजी, मी बसू काय चाकावर?"

माय म्हणाली, "अवं, येड लागलं काय तुले!"

पण बाबा रागावले नाहीत. मला ते अजून दिसतं. पायाच्या अंगठ्यानं ते बराच वेळ जमीन कोरत राहिले आणि मग म्हणाले, "दार लावून बसशीन काय?"

म्हणजे ते हो म्हणाले होते, वहिनी. तुम्हीही ऐकलंत. तुमचा चेहरा उजळला होता.

तेव्हा मी बोललो. माझं लग्न जमत होतं, मुलीकडचे चिखलीचे, नोकरदार. कुंभाराची सून चाकावर बसते हे त्यांच्या कानावर गेलं तर चार लोकांत हसू होईल, असं कारण मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला देत आलो. ते खोटं नाही, पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं हे, की तुम्ही चाकावर बसला असता तर मी दाराच्या फटीतून जे पाहिलं ते सगळ्यांनी पाहिलं असतं. या घरच्या पोरांच्या हातात जे नाही ते बाहेरून आलेल्या पोरीच्या हातात आहे, हे उघड झालं असतं. त्यापेक्षा चाक बंद राहिलेलं मला चालणार होतं.

"बाबा, असं करू नका," मी म्हणालो. "आमच्या कॉलेजात एक जुनी पोथी आहे. त्यात लिहिलंय कुंभारीण माशीचं." आणि ती गोष्ट माझ्या तोंडून अशी सरळ आली, जणू पाठच होती. कुंभार बाजाराला गेला, बायको चाकावर बसली, चाक दुभंगलं. समोर दादाचा झोळीतला हात दिसत होता, म्हणून नवऱ्याचा हात गेला हे मी आयत्या वेळी जोडलं. ते जोडल्यावर गोष्ट पक्की झाली. मायनं कानावर हात ठेवले. बाबांना वाचता येत नव्हतं. लिहिलेलं म्हणजे खरं. ते उठले, माझ्या मदतीनं चाक उचलून भिंतीला उभं केलं आणि त्यावर पोतं टाकलं.

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. तुम्ही चाकाला हात लावला होता हे त्या अंगणात फक्त मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे फक्त तुम्हाला. मी खाली बघितलं.

अखजीच्या घागरी त्या वर्षी लोकांनी दुसरीकडून नेल्या. दादाचं कोपर वाकडंच जुळलं. चाकावरचं पोतं पुन्हा निघालं नाही. तुम्ही दोघं वीटभट्टीवर गेलात. साच्यात चिखल दाबायचा, साचा उलटा करायचा, पुढं सरकायचं. वीट कुणीही पाडावी, त्याला कसबी हात लागत नाही. मंगल तिथंच झोळीत वाढली, आणि तो धूर तुमच्या छातीत बसला तो शेवटपर्यंत. मी बुलढाण्याला मास्तर झालो. मराठी शिकवतो. शब्द कुठून आला हे पोरांना फळ्यावर लिहून देतो.

गोष्ट मात्र माझ्याही पुढं निघून गेली. एकदा बीबीला, मंगलच्या सासरच्या गावी, एका लग्नात अनोळखी म्हातारीच्या तोंडून ऐकली. तिनं त्यात सासूचं पात्र घातलं होतं. वडनेर भोलजीला तुमच्या भावजयीनं मलाच सांगितली, "तुमी ऐकली काय हो मास्तर?" म्हणून. मी ऐकून घेतली.

पण हे सगळं एका बाजूला. ते एका संध्याकाळचं पाप, तरण्या पोराच्या जिभेचं, असं म्हणून कदाचित मी निभावून नेलं असतं. त्याहून वाईट मी दिवाळीत केलं.

मंगलनंतर तुमची दोन लेकरं पोटातच गेली होती. मी फराळाला आलो होतो. दादा बाहेर होता. तुम्ही वाढता वाढता थांबलात.

"भाऊजी, त्या पोथीत नेमकं काय लिहेल हाय?"

"कोणत्या?"

"कुंभारनीच्या. एखांद्या बाईनं एकच बार हात लावला असन, अन् तिले शाप मालूमच नसन, तरीबी लागते काय?"

पळी तुमच्या हातात तशीच होती. मला तेव्हा फक्त एक वाक्य बोलायचं होतं, की अशी पोथीच नाही. लहानपणी मी कुंभारणीचं एक मडकं फोडलं होतं. आत हिरवी अळी होती, मेलेली नव्हती. हलत नव्हती, पण टोचलं की जरा थरकायची. कीर्तनात सांगायचे, माशीच्या ध्यासानं अळीचीच माशी होते. तसं काही होत नाही. माशी तिला नांगी मारून कोंडते, आपल्या पिल्लाला ताजी खायला मिळावी म्हणून. त्या दिवाळीनंतर ती अळी मला पुष्कळदा आठवली.

"आता नीट आठवत नाही, वहिनी," मी म्हणालो. "बघून सांगतो."

पहिलं खोटं एका झटक्यात तोंडून गेलं होतं. हे विचार करून बोललो.

मग दर खेपेला तुम्ही विचारायचात, "पोथी गवसली काय भाऊजी?" कधी चहा देताना, कधी एस्टीपर्यंत सोडायला येताना, कधी चक्क हसत. मी म्हणायचो, ग्रंथालय हललं, पुस्तकं गठ्ठ्यांत आहेत, शोधतोय. तुमच्या हसण्याचा मी मला सोयीचा अर्थ लावला होता. मला वाटायचं, वहिनीला माझी लबाडी कळली आहे आणि ती मला डिवचते आहे. तुम्ही डिवचत असाल तर तुम्ही शापाला भीत नव्हता, आणि भीत नसाल तर माझं ओझं हलकं होत होतं. दवाखान्यात शेवटच्या भेटीला श्वास पुरत नसताना तुम्ही "पोथी" एवढंच म्हणालात, तेव्हाही मी हाच अर्थ धरून बसलो.

आणि तुम्ही मला काय काय दिलंत! माझी बायको बाळंतपणात अंथरुणाला खिळली तेव्हा भट्टीची मजुरी बुडवून तुम्ही बुलढाण्याला येऊन राहिलात. माझ्या पोरांची अंगडी-टोपडी तुम्ही धुतलीत. दरवर्षी जवसाची चटणी पाठवलीत, त्याच मडक्यातल्या जवसाची. मी भाकरीवर घेऊन खाल्ली. चवीला तुमच्या चटणीसारखी चटणी नाही, असं शाळेत चारचौघांत सांगितलं.

आता त्या मडक्याचं सांगतो.

तुम्हाला न्यायचं होतं तेव्हा तिरडी बांधून झाली आणि मडकं कुठं आहे असं कुणीतरी विचारलं. दादा गेलेला, तुम्हाला मुलगा नाही, म्हणून अग्नी मीच देणार होतो. मडकं मलाच खांद्यावर घ्यायचं होतं. घरात मडकं नव्हतं. प्लास्टिकच्या बादल्या आणि स्टीलची पिंपं. बशीरभाई म्हणाला, "मास्तर, मैं लाता ना बाजारातून. गाडी हाय, गेलो न् आलो." आणि भावकीतला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "कुंभाराच्या मयतीले मडकं इकत आनता काय बे? थू!"

पुन्हा तेच चार लोक, वहिनी. मी बशीरभाईला थांबवलं. आत गेलो. चुलीमागच्या कोनाड्यातलं पोतं उचललं. तोंड डावीकडं कललेलं. आतलं जवस मी एका पातेल्यात ओतलं आणि मडकं घेऊन बाहेर आलो. कोणतं मडकं आहे हे मला पुरतं माहीत होतं. नकळत झालं म्हणायची सोय मी ठेवणार नाही.

स्मशानात मी ते पाण्यानं भरून खांद्यावर घेतलं आणि तुमच्याभोवती फिरलो. प्रत्येक फेऱ्याला मागून त्याला दगडानं भोक पाडत गेले. पाणी माझ्या पाठीवरून ओघळत होतं. लवकर भोक पडेना. "पक्कं भाजेल हाय," कुणीतरी म्हणालं. मग खांद्यावरून मागं सोडून दिलं. मागं बघायचं नसतं. मी बघितलं नाही, पण आवाज ऐकला. चांगलं मडकं फुटताना खणकतं.

काल रात्री भांडी लावताना मंगल म्हणाली, "काका, आईचं जवसाचं मडकं दिसून नाही राह्यलं. मले ह्या घरातलं फकस्त तेच नेयाचं होतं."

मी म्हणालो, "बघतो."

दिवाळीतलाच शब्द तो. माझ्या तोंडून बाहेर पडला तसा मला ऐकू आला. रात्रभर त्या 'बघतो'नं मला झोपू दिलं नाही.

सकाळी ती बीबीच्या एस्टीसाठी पिशवी भरत होती, तेव्हा मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"मंगल, ती पोथी नाही."

"हरपली ना. मालूम हाय मले."

"हरपली नाही. नव्हतीच. ते सगळं मी मनानं रचलं होतं."

तिनं पिशवी खाली ठेवली. मी सगळं सांगितलं. बाजारची दुपार, दाराची फट, बाबांचं "दार लावून बसशीन काय", दादाच्या हाताचा मी जोडलेला तुकडा. मडकं कुठं गेलं तेही सांगितलं. ती रडली नाही. भिंतीवरच्या घरट्याकडं बघून तिनं विचारलं,

"आईनं केलं होतं ते? चाकावर?"

"हाव."

"एकटीनं?"

"एकटीनं."

मग ती जे बोलली ते मला झेपलं नाही, पण तुम्हाला सांगायला हवं.

"काका, आई रोज दिवा लावतानी हात जोडून म्हने, माह्यापायी मालकाचा हात गेला, माह्यापायी लेकरं गेली, आता ह्या पोरीले काही होऊ देऊ नको. मी लहान होती तवापासून ऐकून राह्यली. मले वाटे, बायका म्हनतेत असं काही. काऊन म्हने ते आता समजलं."

तुम्ही डिवचत नव्हता. तुम्ही खरोखर विचारत होता. दर खेपेला, चहाचा कप पुढं करताना, तुम्हाला सुटका हवी होती आणि ती माझ्या खिशात होती.

"आता काऊन सांगतलं?" मंगलनं विचारलं. "जित्तेपनी सांगतलं असतं तं निवांत मेली असती."

ती पाया न पडता निघाली. दारात थांबून, माझ्याकडं न बघता, म्हणाली, "ते चाक माह्या घरी पाठवून द्या. अन् हे घरटं पाडू नका."

ती गेली. बशीरभाईचा पोरगा दुपारी गाडी घेऊन येतो म्हणालाय, चाक न्यायला. मी तुमच्या खोलीत बसलोय. कुंभारणीनं दुसऱ्या मडक्याचं तोंड लिंपलं आहे. माती आणायला बाहेर गेली की खोली एकदम सामसूम होते.

तुम्ही मला दोन प्रश्न विचारले होते, वहिनी. दोन्हींची उत्तरं माझ्याजवळ तेव्हाही होती. फार सोपी होती. शिकलेल्या माणसाला ती तोंडातून काढायला जड गेली. आता पुस्तकी बोलीत नको, आपल्या घरच्या बोलीत देतो.

हिले कुंभारीण नाव कोणं ठेवलं, मले मालूम नाही. कोन्त्याच पोथीत लिहेल नाही.

अन् एकच बार हात लावला असन, नाही तं रोज लावला असन, काही नाही लागत, वहिनी. चाकाले हात लावल्यानं कोनाचं काही जात नाही.